लक्षद्वीपचा कारभार कोणाच्या हातात?

मे २०२१. कोरोनाची दुसरी लाट, घरून काम, आणि फोनवर दिवसभर एकच शब्द : लक्षद्वीप. सगळ्यांनी केलं तेच मीही केलं. डीपी बदलला, हॅशटॅग टाकला, दोन व्हिडिओ मोहल्ल्याच्या ग्रुपवर पाठवले. माझ्या टीममध्ये अंद्रोत बेटावरचा एक मुलगा आहे. त्याने माझी पोस्ट पाहिली आणि कॉल संपताना विचारलं, "भाई, ज्या मसुद्याच्या विरोधात लिहिलंयस, तो वाचलास का?"

मी वाचला नव्हता. खरं सांगायचं तर कोणता मसुदा, तो कोण काढतं, त्यावर आपलं म्हणणं कुठे कळवायचं, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला, रोज शेकडो ओळींचा कोड तपासणारा मी, चार पानं न वाचता संतापलो होतो. त्या रात्री वाचायला बसलो. आज हे संपादकीय लिहितोय ते त्या वाचनातून जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवण्यासाठी, कारण हा विषय २०२१ मध्ये संपलेला नाही.

आधी भूगोल. लक्षद्वीपचा कारभार भूगोलाशिवाय समजत नाही.

केरळच्या किनाऱ्यापासून अरबी समुद्रात सुमारे २२० ते ४४० किलोमीटरवर ही प्रवाळाची बेटं पसरली आहेत. सरकारी नोंदीत ३६ बेटं, त्यांपैकी वस्तीची १०. सगळ्यांची मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४ हजारांच्या थोडी वर होती. त्यात ९६ टक्क्यांहून जास्त मुसलमान आहेत हे आपल्याला माहीत असतं. पण जवळजवळ ९५ टक्के लोक अनुसूचित जमातीचे आहेत, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मला नव्हतं.

तिथे डोंगर नाही, नदी नाही. जमीन समुद्रापेक्षा जेमतेम काही मीटर उंच. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाली, खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत राहतो. विहिरीला लागतं ते हेच पाणी. पंप लावून जास्त उपसा केला की खालचं खारं पाणी वर येतं आणि विहीर बिघडते. शोषखड्डा विहिरीच्या जवळ खणला तरी तेच नुकसान. २००५ मध्ये कवरत्तीला समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प सुरू झाला, दिवसाला एक लाख लिटरचा, तेव्हा कुठे त्या बेटावरच्या लोकांना थोडा दिलासा मिळाला.

बेटाला लागून प्रवाळाच्या कड्यात अडकलेलं उथळ, शांत पाणी असतं, त्याला लगून म्हणतात. बाहेरच्या माणसाला ते फोटोसाठी सुंदर दिसतं. तिथल्या मच्छिमाराच्या दृष्टीने ते त्याच्या धंद्याचं गोदाम आहे. लक्षद्वीपमध्ये कुपा म्हणजे टुना मासा गळाने, एकेक करून पकडतात, आणि त्यासाठी लागणारं जिवंत आमिष, म्हणजे बारीक मासे, याच लगूनमध्ये मिळतात. आता याच पाण्यात खांब रोवून पर्यटकांसाठी 'वॉटर व्हिला' बांधायचे असतील, तर तो निर्णय फक्त पर्यटन खात्याचा राहत नाही. तो मासेमारीचाही निर्णय असतो, आणि पिण्याच्या पाण्याचाही.

माणसंही एकसारखी नाहीत. बहुतेक बेटांवर मल्याळमची जेसरी बोली चालते. मिनिकॉय मात्र सुमारे २०० किलोमीटरची नऊ अंशाची खाडी ओलांडून दक्षिणेला आहे. तिथली महल भाषा मालदीवच्या भाषेशी नातं सांगते, आणि लिपी उजवीकडून डावीकडे जाते. इतर बेटांवर वारशाची एक जुनी पद्धत आहे. घराण्याची मालमत्ता आईच्या बाजूने चालते, तिला 'शुक्रवारची मालमत्ता' म्हणतात. स्वतः कमावलेली ती 'सोमवारची', तिला शरीयतप्रमाणे वारस लागतात. मुसलमान म्हणजे सगळीकडे एकच साचा, असं मानणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी लक्षद्वीपकडे जरूर बघावं.

इतक्या नाजूक आणि वेगळ्या जागेचा कारभार चालतो कसा?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मद्रास राज्यातून ही बेटं वेगळी काढून केंद्रशासित प्रदेश केला गेला. मुख्यालय सुरुवातीला कोझिकोडला होतं, १९६४ मध्ये ते कवरत्तीला आलं. लक्षद्वीप हे नाव १९७३ चं. इथे विधानसभा नाही. संविधानाच्या कलम २३९ प्रमाणे राष्ट्रपती, म्हणजे प्रत्यक्षात केंद्र सरकार, एक प्रशासक नेमतं. कलम २४० प्रमाणे राष्ट्रपती या बेटांसाठी 'विनियम' काढू शकतात, आणि त्या विनियमाला संसदेच्या कायद्याइतकंच बळ असतं. आपल्याकडे कायदा व्हायचा तर विधानसभेत विधेयक येतं, विरोधक बोलतात, निदान गोंधळ तरी घालतात. तिथे ती पायरीच नाही. लोकसभेत एक खासदार आहे, आणि १९६७ पर्यंत तोही निवडून येत नव्हता, नेमला जात होता. महाराष्ट्राशी एक गंमतशीर धागा : २०१४ आणि २०१९ मध्ये इथला खासदार राष्ट्रवादीच्या घड्याळावर निवडून आला होता.

म्हणजे प्रशासक आणि साधा माणूस यांच्यामध्ये निवडून आलेलं असं उरतं काय? पंचायत. १९९४ च्या विनियमाने दहा बेटांना दहा पंचायती आणि सगळ्यांची मिळून एक जिल्हा पंचायत मिळाली. कोणती विहीर खारी झाली, कोणत्या बाजूचा किनारा खचतोय, हे ज्यांना कळतं ते लोक आणि सही करण्याचा अधिकार, हे दोन्ही एकत्र येण्याची ही एकच जागा होती.

मे २०२१ मध्ये शिक्षण, आरोग्य, शेती, मासेमारी आणि पशुसंवर्धन या पाच खात्यांचे अधिकार प्रशासनाने जिल्हा पंचायतीकडून काढून घेतले. प्रशासक होते प्रफुल खोडा पटेल, गुजरातचे माजी गृहराज्यमंत्री. (आपल्या गोंदियाचे प्रफुल्ल पटेल वेगळे, गल्लत नको.) त्याच सुमारास चार विनियमांचे मसुदे चर्चेत आले. एकात वर्षभरापर्यंत स्थानबद्ध ठेवण्याची तरतूद. एक गोवंश हत्याबंदीचा. एकात दोनपेक्षा जास्त मुलं असलेल्याला पंचायत निवडणूक लढवायला मनाई. आणि विकास प्राधिकरणाच्या मसुद्यात कोणताही भाग नियोजनासाठी घोषित करून तिथली जमीन घेण्याचे व्यापक अधिकार. 'विकासा'च्या व्याख्येत खाणकाम होतं. आराखड्यात दाखवायच्या गोष्टींमध्ये राष्ट्रीय महामार्ग, रिंगरोड, रेल्वे आणि ट्रामवे होते. ३२ चौरस किलोमीटरवर, तीही ३६ तुकड्यांत! वाचताना मला हसू आलं आणि मग वाईट वाटलं. दुसऱ्या प्रोजेक्टचा कोड न वाचता चिकटवला की असंच होतं, आणि आमच्याकडे असा कोड कोणीतरी तपासून परत पाठवतो. इथे परत पाठवणारं कोण होतं?

परत पाठवलं ते लोकांनीच. ७ जून २०२१ रोजी बेटांवर १२ तासांचं उपोषण झालं. दगड नाही, जाळपोळ नाही. घराघरांत माणसं फलक धरून बसली.

आता आपल्या चुकीबद्दल. त्या वेळी आपण हा सगळा विषय 'मुसलमानांच्या बेटांवर हल्ला' एवढ्या एका वाक्यात बसवला. त्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणत नाही. शाळेच्या जेवणातून मांस काढणं आणि दारूबंदी सैल करणं एकाच वेळी घडतं, तेव्हा लोकांना त्यात हेतू दिसणारच. पण दोन मुलांची अट आपल्या महाराष्ट्रातही आहे, १२ सप्टेंबर २००१ ही तारीख ग्रामपंचायतीला उभ्या राहिलेल्या कुणालाही पाठ असते. ती सर्वांना लागू आहे आणि आपण तिच्याविरुद्ध कधी हॅशटॅग टाकला नाही. लक्षद्वीपचा खरा मुद्दा असा मांडता आला असता : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तिथला जननदर दर स्त्रीमागे १.४ आहे, मग ही अट आणायचं कारण काय, आणि आणण्यापूर्वी कोणाला विचारलं?

मांसाच्या प्रश्नाचं पुढे काय झालं तेही बघा. प्रकरण न्यायालयात गेलं. मध्ये अंतरिम दिलासा मिळाला. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. मुलांनी काय खावं हा धोरणाचा विषय आहे, त्यात न्यायालय पडणार नाही, असा त्याचा अर्थ. ठीक आहे. पण धोरण ठरवायचं कोणी? शाळा ज्यांच्या अखत्यारीत होत्या त्या जिल्हा पंचायतीकडून ते खातं आधीच गेलं होतं. त्या पंचायतींची पाच वर्षं २०२३ च्या सुरुवातीला संपली, आणि मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी असं कलम २४३-ई सांगत असतानाही ती वेळेवर झाली नाही.

त्याचे परिणाम दिसतात. २०२५ मध्ये शाळांतून महल आणि अरबी काढून हिंदी आणण्याचा आदेश निघाला, त्याला केरळ उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. त्याच वर्षी जुलैमध्ये बित्रा हे बेट संरक्षणाच्या कारणासाठी ताब्यात घेण्याच्या दृष्टीने सामाजिक परिणाम अभ्यासाची अधिसूचना निघाली. बित्रा म्हणजे जेमतेम दहा हेक्टर जमीन, २०११ मध्ये २७१ माणसं. देशाच्या सुरक्षेची गरज मी नाकारत नाही. पण संपूर्ण वस्तीच उठण्याची शक्यता असेल, तर त्या २७१ जणांच्या वतीने अधिकाराने बोलणारी निवडून आलेली पंचायत असायला नको का?

विकास नको असं बेटावर कोणी म्हणत नाही. माझ्या सहकाऱ्याला मी विचारलं तेव्हा त्याने यादीच दिली : जहाजं वाढवा, डॉक्टर द्या, पावसाळ्यात रुग्णाला कोचीला न्यायची सोय करा. जानेवारी २०२४ मध्ये कोचीहून समुद्राखालून केबल आली. त्याआधी सगळं इंटरनेट उपग्रहावर चाले. केबल आली त्या महिन्यात त्याचा पहिला व्हिडिओ कॉल न अडकता झाला. आईचा चेहरा पहिल्यांदा स्पष्ट दिसला म्हणाला. केंद्राने केलेलं हे चांगलं काम आहे आणि ते चांगलं म्हणायला आपल्याला जड जाऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती रवींद्रन समितीनेही विकासाचा रस्ता बंद केला नव्हता. निवडून आलेल्या स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून तो करा, एवढंच सांगितलं होतं.

मित्रमैत्रिणींनो, हे सगळं दूरच्या बेटाचं वाटत असेल तर जवळ पाहा. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ देशातल्या सर्वात श्रीमंत महापालिकेचा कारभार प्रशासकाने चालवला. राज्यातल्या इतर अनेक शहरांतही तेच. तुमच्या वॉर्डातलं गटार तुंबलं तेव्हा तुम्ही कोणाकडे गेलात? नगरसेवक नसणं म्हणजे काय, हे आपल्याला त्या वर्षांत कळलं असायला हवं होतं. लक्षद्वीपच्या माणसाला ते जास्त महाग पडतं, कारण त्याच्याकडे आमदारही नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. लक्षद्वीपसाठी आवाज उठवताना आपली पहिली मागणी पंचायतीच्या निवडणुका वेळेवर घ्या आणि पाच खात्यांचे अधिकार परत द्या, अशी असू द्या. ती मागणी कोणत्याही धर्माचा नागरिक करू शकतो, आणि तिला संविधानाचा आधार आहे. आणि आपल्या घरापासून एक सवय लावू. राज्यपत्रात मसुदा येतो, प्रभागरचना येते, विकास आराखडा येतो, त्या प्रत्येकावर हरकती आणि सूचनांची मुदत असते. गावात वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात. आपल्यापैकी इंजिनिअर, वकील, शिक्षक झालेल्यांनी तो कागद वाचावा, मोहल्ल्यातल्या लोकांना आपल्या भाषेत समजावून सांगावा आणि मुदतीच्या आत लेखी हरकत द्यावी. पोचपावती घ्यायला विसरू नये.

परवा त्याच सहकाऱ्याला सांगितलं की आमच्या भागाच्या आराखड्यावर मी पहिल्यांदा लेखी हरकत दिली, कब्रस्तानाला लागून दाखवलेल्या रस्त्याबद्दल. तो म्हणाला, "वाचून दिलीस ना?" मी त्याला पोचपावतीचा फोटो पाठवला.