करिअरच्या वाटा : उपग्रहाची चित्रे वाचणारे

भूगोल म्हणजे नद्या आणि राजधान्यांची नावे पाठ करण्याचा विषय, अशी अनेक घरांत समजूत असते. मुलीने पदवीला भूगोल घेते म्हटले, की 'पुढे काय? मास्तरकी?' हा प्रश्न हमखास येतो. त्याचे एक चांगले उत्तर आहे : उपग्रहाने टिपलेली चित्रे वाचण्याचे काम, म्हणजेच प्रतिमा विश्लेषण.

उपग्रह चित्र टिपतो. अर्थ माणसाला लावावा लागतो. १९९५ साली पोखरणला चाललेली अणुचाचणीची तयारी अमेरिकेच्या उपग्रहांनी टिपली आणि चाचणी लांबणीवर पडली. १९९८ साली आपल्या मंडळींनी उपग्रहांच्या वेळा सांभाळल्या. बरेचसे काम रात्री केले आणि उजाडण्यापूर्वी यंत्रे पूर्वीच्याच जागी आणून ठेवली. ११ मे रोजी स्फोट झाले तेव्हा अमेरिका बेसावध होती. डोक्यावर उपग्रह होते, पण चित्रातला बदल वेळेत ओळखला गेला नाही.

हा बदल ओळखणे हेच विश्लेषकाचे काम. आकार, छटा, पोत, मांडणी, सावली आणि आजूबाजूच्या खुणा ही त्याची मुळाक्षरे. सावलीच्या लांबीवरून धुराड्याची उंची काढता येते. अवरक्त किरणांच्या ठरावीक चित्रांत निरोगी पीक लाल दिसते, तर स्वच्छ खोल पाणी जवळजवळ काळे. पुराच्या दिवसांत ढगांमुळे साधी चित्रे निरुपयोगी ठरतात. तेव्हा रडारची चित्रे लागतात, कारण रडार ढगांपलीकडचे टिपते.

लष्कर आणि गुप्तचर विभागांना असे डोळे हवे असतात. तिथले काम घरीही सांगता येत नाही, हे आधीच समजून घ्यावे. मात्र पीकविमा, नगररचना, खाणी, जंगले, पाटबंधारे या क्षेत्रांनाही हीच विद्या लागते. २०२१ साली केंद्र सरकारने नकाशांवरील बरेच निर्बंध उठवले आणि खासगी कंपन्यांना वाव मिळाला.

शिक्षण कोठे घ्यावे? डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था १९६६ सालापासून हेच शिकवते आणि आता 'इस्रो'च्या छत्राखाली आहे. मुंबईच्या आय.आय.टी.त आणि पुण्याच्या सिंबायोसिसमध्येही या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. 'गेट' परीक्षेत २०२२ पासून जिओमॅटिक्स हा स्वतंत्र विषय आहे. भूगोल, भूगर्भशास्त्र, कृषी, स्थापत्य, संगणक यांपैकी कोणतीही पदवी पाया म्हणून चालते. प्रवेशाच्या अटी मात्र त्या त्या संस्थेकडूनच तपासून घ्याव्यात.

एक सावधगिरी. दोन-तीन महिन्यांत सॉफ्टवेअर शिकवून नोकरीची हमी देणारे वर्ग गल्लोगल्ली निघतात. सॉफ्टवेअर यायलाच हवे, थोडे प्रोग्रॅमिंगही हवे. पण चित्रातल्या इमारती मोजण्याचे काम आता संगणकही करू लागला आहे. तो चुकला हे ओळखायला विषयाचे ज्ञान लागते. ज्याला ऊस आणि भात यांतला फरक बांधावर कळत नाही, त्याला तो पडद्यावर कसा कळणार?

या कामात हुशारीइतकाच प्रामाणिकपणा मोलाचा. 'दिसते आहे' आणि 'असावे' हे दोन शब्द विश्लेषकाने कधी एक होऊ देऊ नयेत. त्याच्या एका ओळीवरून पुरात बोटी कोणत्या गावाकडे धाडायच्या हे ठरू शकते. युद्धकाळात तोफा कोठे रोखायच्या, हेही. खात्री नसेल तर तसे लिहिण्याचे धैर्य ज्याच्यापाशी आहे, त्यानेच या वाटेला यावे.

आपल्या मुलाला याची गोडी आहे का, हे पाहायला खर्च नाही. 'इस्रो'चे 'भुवन' हे संकेतस्थळ २००९ पासून सर्वांना खुले आहे. त्यावर आपले गाव शोधायला सांगा. ओढा, स्मशान, नवी वस्ती ओळखून त्याने कागदावर नकाशा काढावा आणि रविवारी पायी फिरून तो पडताळावा. किती खुणा चुकल्या हे मोजताना त्याला कंटाळा आला नाही, तर ही वाट त्याची आहे असे खुशाल समजा.