खलनायकाच्या पदरचा वाद्यवृंद

हिंदी मारधाडीच्या चित्रपटात संगीताला खरा आश्रय कोण देतो? नायक? छे! त्याच्याजवळ फार तर एक माउथ ऑर्गन असतो. गाण्याची हौस दांडगी, पण साथीदारांना बिदागी द्यायची ऐपत नाही. म्हणून तो टेकडीवर, बागेत नाहीतर धावत्या जीपमध्ये गातो आणि साठ व्हायोलिनं झाडाआडून फुकटात वाजवून घेतो. खलनायकाचं तसं नसतं. तो आधी अड्डा बांधतो, अड्ड्यात बार काढतो, बारसमोर रंगमंच उभारतो आणि त्यावर काळे सूट घातलेले डझनभर वादक कायमचे नेमून टाकतो. सोन्याची बिस्किटं मोजायची असोत, नायकाच्या आईला खांबाला बांधायचं असो, की फितूर साथीदाराला मगरींपुढे टाकायचं असो, आधी नाचगाणं! एवढ्या दगदगीच्या धंद्यात जो माणूस एक दिवस गाण्याची बैठक चुकवत नाही त्याला रसिक म्हणायचं नाही, तर मग कोणाला?

'शोले'तला (१९७५) गब्बरसिंगच बघा. बसायला दगड, डोक्यावर पन्नास हजारांचं इनाम, पण हत्यारांचा व्यापारी पाहुणा म्हणून आला की शेकोटीभोवती हेलनचा नाच ठेवलेला. 'शान'मधल्या (१९८०) शाकालने तर भर समुद्रातल्या बेटावर राहूनही संगीताची आबाळ होऊ दिली नाही. संस्थानं विलीन झाली तेव्हा आता गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना कोण पोसणार म्हणून आमच्या वडीलधाऱ्यांनी केवढी हळहळ केली होती! ती उगाचच. राजाश्रय गेला तरी खलनायकाश्रय होता.

हे मी आमच्या शेजारच्या निवृत्त प्रोफेसरसाहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. प्रोफेसरसाहेब म्हणजे कानाचे पक्के. सवाई गंधर्व महोत्सवात त्यांची बसायची जागासुद्धा ठरलेली. ते म्हणाले, "अहो, मारधाडीच्या पिक्चरला कसलं आलंय डोंबलाचं संगीत? एक म्हणजे तो निव्वळ गोंगाट. दुसरं म्हणजे चाली सगळ्या इंग्रजीतून उचललेल्या. आणि तिसरं म्हणजे तो कॅब्रे! घरात लेकीसुना असताना..." उरलेलं वाक्य त्यांनी सुपारीबरोबर चावून टाकलं.

आपल्याकडच्या कुठल्याही सुशिक्षित घरात हे तीन मुद्दे याच क्रमाने ऐकायला मिळतात. तेव्हा एकेकाचा समाचार घेतो.

पहिला गोंगाटाचा. ज्यांना तसं वाटतं त्यांनी घरच्या घरी एक प्रयोग करावा. टीव्हीवर एखादा जुना पाठलाग चालू असताना आवाज पूर्ण बंद करावा. मघापर्यंत प्राणाची बाजी लावून धावणारा नायक आता आठ-बाराची लोकल गाठायला निघालेल्या आणि डबा घरी विसरलेल्या कारकुनासारखा दिसू लागतो. मागून येणारा गुंड त्याला तो डबा द्यायला धावत असावा, असंही वाटतं. जिवाची भीती ही पायांत नसते हो, ती संगीतात असते. बी. आर. चोप्रांनी 'कानून' (१९६०) काढला आणि यश चोप्रांनी 'इत्तफाक' (१९६९) काढला. दोन्ही खुनाच्या गोष्टी आणि दोन्हींत एकही गाणं नाही. पण दोघांनीही सलील चौधरींना बोलावणं पाठवलंच. गाणी काढून टाकता आली. संगीत काढून टाकायची छाती कोणाची झाली नाही.

दुसरा मुद्दा चोरीचा. काही चाली परदेशी होत्या हे खरंच आहे, त्याची वकिली मला करायची नाही. पण संगीत नाटकांची जुनी पुस्तकं उघडा. पदाच्या डोक्यावर 'चाल' असं छापून पुढे कुठल्या तरी मूळ चिजेचं नाव दिलेलं असतं. ते काय असतं मग? अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'सौभद्रा'त (१८८२) कीर्तनातल्या आणि कर्नाटकातल्या चाली आणल्या. गोविंदराव टेंब्यांनी 'मानापमाना'साठी (१९११) उत्तरेकडच्या ठुमरीची वाट धरली. त्याला आपण व्यासंग म्हणतो. आर. डी. बर्मनने समुद्रापलीकडून काही आणलं की मात्र तो दरोडा! मात्र एका बाबतीत मी नाटकवाल्यांना हात जोडतो. चाल कुठून घेतली ते त्यांनी सरळ छापलं. ज्याचं होतं त्याचं नाव घातलं. हा नावाचा मुद्दा वाचकांनी जरा खिशात ठेवावा, कारण माझं खरं भांडण त्यावरूनच आहे.

तिसरा कॅब्रेचा. मास्टर दीनानाथांची तबकडी लागली की प्रोफेसरसाहेब डोळे मिटतात आणि ती संपेपर्यंत घरात कोणी कपबशी वाजवायची नाही. आता 'डॉन' (१९७८) आठवा. हेलन डॉनला खोलीत अडकवून ठेवते आहे. पिस्तुलातल्या गोळ्या तिने काढून घेतल्या आहेत, पोलीस यायचे आहेत आणि ते येईपर्यंत हा माणूस जागचा हलता कामा नये. हातात हत्यार एकच, गाणं! कल्याणजी-आनंदजींची ती चाल, आणि गळा कोणाचा? दीनानाथांच्या कन्येचा. आशाबाईंना त्या गाण्यासाठी फिल्मफेअर पारितोषिक मिळालं. गाणं संपण्याच्या आत एक खुनी निसटला तर आपण मेलो, अशी जबाबदारी कुठल्या नाट्यपदावर कधी पडली होती का? वडिलांची तान ऐकून डोळे मिटायचे आणि लेकीचा आवाज आला की टीव्ही मिटायचा, हा न्याय मला कळत नाही.

इथवरचं भांडण प्रोफेसरसाहेबांशी. ते लुटुपुटीचं. खरं भांडण पुढे आहे आणि ते आपल्या सगळ्यांशी आहे.

अड्ड्यावर काळे सूट घालून बसलेले ते वादक अर्थातच नकली. ट्रम्पेट ते ज्या तऱ्हेने धरतात त्यावरूनच कळतं की यांनी आयुष्यात फुंकणी सोडून काही फुंकलेलं नाही. खरे वादक ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये नाहीतर वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत बसलेले असत. त्यातले बरेचसे गोव्याचे. लहानपणी चर्चच्या शाळेत स्वरलिपी घोटलेली, मग मुंबईच्या मोठ्या हॉटेलांतून जाझ वाजवलेला. १९४९ साली मुंबईत दारूबंदीचा कायदा झाला, हॉटेलांतली नाचगाणी थंडावली आणि ही मंडळी आणखीच सिनेमाकडे वळली. म्हणजे गंमत बघा. बाहेर मोरारजीभाईंची दारूबंदी आणि पडद्यावर खलनायकाच्या बारमध्ये यांचा ट्रम्पेट! सरकारने जे बंद केलं ते खलनायकाने चालू ठेवलं.

काम काही सोपं नव्हतं. पडद्यावर प्रसंग दाखवायचा, कुठे काय वाजायचं ते ठरायचं, मग अरेंजर प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा लिहायचा. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड हे असे कागद लिहिणारे. मग सगळ्यांनी एका खोलीत एकदम वाजवायचं. शेवटच्या रांगेतल्या एका व्हायोलिनचा सूर हलला की पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक आवाजामागे एक चालताबोलता माणूस होता. केरसी लॉर्ड, मनोहारी सिंग, आपले मारुतीराव कीर. 'शोले'त संध्याकाळच्या वेळी अमिताभ पायरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवतो आणि आपल्या पोटात कालवतं. तो वाजवला होता भानू गुप्तांनी. हेलनच्या त्या नाचाला सुरुवातीला जो चमत्कारिक हुंकार येतो, तो अर्धवट भरलेल्या बाटल्यांत फुंकर मारून काढलेला आहे. खलनायकाच्या अड्ड्यावर बाटलीचा इतका सात्त्विक उपयोग त्याआधी कोणी केला नव्हता.

आणि आता त्या काळच्या कुठल्याही मारधाडपटाची नामावली बघा. फाइट मास्टरचं नाव आहे. शिंप्याचं आहे. विगवाल्याचं आहे. स्थिरचित्रं कोणी काढली, सोफासेट कोणी दिला, सगळं आहे. संगीत दिग्दर्शकाखाली दोन-तीन सहाय्यकांची नावं असतात आणि तिथे संगीत खातं बंद. ज्याने आपला जीव टांगणीला लावला त्या ट्रम्पेटवाल्याचं नाव नाही, पण ज्याने खलनायकाला टक्कल घातलं त्याचं आहे!

एका गोमंतकीय व्हायोलिनवादकाचं नाव मात्र अख्ख्या देशाला पाठ झालं. अँथनी गोन्साल्विस. माजोर्ड्याचे हे गृहस्थ प्यारेलालचे गुरू. १९५८ साली त्यांनी आपलं संगीत वाजवणारा सिंफनी ऑर्केस्ट्रा मुंबईत उभा केला होता. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) निघाला तेव्हा शिष्याने गुरुदक्षिणा म्हणून त्यांचं नाव गाण्यात घातलं. मग काय, गणपतीत, लग्नात, सहलीच्या बसमध्ये हे नाव दुमदुमलं. पण ते ऐकून आपल्या डोळ्यांसमोर कोण आलं? भल्यामोठ्या अंड्यातून उडी मारून बाहेर पडणारा, छत्रीवाला अमिताभ. त्या नावाचा एक माणूस खरोखरच आहे आणि २०१२ साली तो गोव्यात वारला, हे किती जणांना ठाऊक आहे? एका वादकाचं नाव आपण घेतलं, तेसुद्धा थट्टा समजून.

किंमत कळली ती परक्यांना. १९६५ साली राजा नवाथ्यांनी दिग्दर्शित केलेल्या 'गुमनाम'मधला बेभान नाच २००१ साली 'घोस्ट वर्ल्ड' नावाच्या अमेरिकन चित्रपटाने थेट सुरुवातीलाच लावला. १९९९ साली अमेरिकेत 'बॉम्बे द हार्ड वे' ही तबकडी निघाली. तिच्यात कल्याणजी-आनंदजींचं मारधाडीचं संगीत नव्या ठेक्यांवर बसवलेलं होतं. तुकड्यांची नावं वाचून मात्र डोकं फिरावं. एकात चटणी, दुसऱ्यात करी! (प्रोफेसरसाहेब म्हणाले, "मग? चटणीच ती.") पुढे २००५ साली ब्लॅक आइड पीज या मंडळींनी 'डॉन'मधल्या हेलनच्या त्या गाण्याचा तुकडा आपल्या गाण्यात घातला आणि त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. गिरगावातल्या किराणा दुकानदाराच्या मुलांनी जे केलं ते आपण सुपारी कातरत हसण्यावारी नेलं. तिकडे त्याच्यावर नव्याने लोक नाचले. पण त्यांनाही नावं सांगता आली ती संगीत दिग्दर्शकांची. वाजवणाऱ्यांची कुठून सांगणार? आपणच लिहून ठेवली नाहीत. 'गुमनाम' हे जणू त्यांचं आडनावच झालं.

यावर कोणी म्हणेल, दोष निर्मात्यांचा, आम्हाला कशाला बोलता? बोलतो अशासाठी, की बालगंधर्वांच्या साथीला सारंगीवर कादरबक्ष होते आणि तबल्यावर तिरखवाँसाहेब, हे आपल्याला तोंडपाठ असतं. कारण ते संगीत आपण आपलं मानलं. जे आपलं मानतो त्याच्या साथीदारांची नावं आपण विचारतो. मारधाडीचं संगीत ऐकलं सगळ्यांनी, त्यावर चोरून ठेका धरला सगळ्यांनी, पण आपलं मानलं कोणी नाही. निर्मात्याने नाव घातलं नाही, कारण विचारणारं कोणी नव्हतं.

आता दिवस पालटले. एका माणसाने एका यंत्रावर साठ व्हायोलिनं वाजवायची सोय झाली आणि ते मोठे ताफे पांगले. आता नायक नुसता दारातून आत आला तरी गिरणीच्या भोंग्यासारखा एक प्रचंड आवाज होतो आणि तो दारातून बाहेर जाईपर्यंत चालू राहतो. पण नामावली मात्र लांबलचक झाली आहे, हे मान्य केलं पाहिजे. चित्रपट संपला की तंतुवाद्यं कोणी वाजवली, गिटार कोणाची, सगळं ओळीने येऊ लागतं. आणि नेमकं तेव्हा थिएटरात लोक चपला शोधत असतात. घरी बघावं तर पहिलं नाव दिसतं न दिसतं तोच पडदा आक्रसून पोस्टाच्या तिकिटाएवढा होतो आणि पुढचा भाग पाच सेकंदांत सुरू होणार असल्याची धमकी येते. नावं नव्हती तेव्हा विचारणारं कोणी नव्हतं. आता नावं आहेत तर वाचणारं कोणी नाही.

म्हणून माझी मागणी अगदी माफक आहे. ती धमकी आली की घाबरू नका. रिमोट हातात घ्या, पडदा मोठा करा आणि शेवटचं नाव वर सरकून जाईपर्यंत जागचे हलू नका. दीड मिनिट लागेल फार तर. खलनायक तर नायक दाराशी येऊन ठेपला तरी गाणं संपल्याशिवाय उठत नसे.