मनातले दुखणे, हृदयाचे दुखणे

रमजानच्या दिवसांत हृदयविकार असलेल्या अनेक घरांत एक प्रश्न दबक्या आवाजात निघतो : रोजा ठेवावा का? त्या प्रश्नात श्रद्धा असते, तशी भीतीही असते. स्टेंट बसवून आलेला एखादा म्हणतो, "आता नळी मोकळी झाली, गोळ्या कशाला?" आणि सहरी-इफ्तारच्या गडबडीत रक्त पातळ ठेवणारी गोळी परस्पर बंद करतो. दुसरा जिना चढायलाही घाबरतो. आपले हृदय म्हणजे तडा गेलेले भांडे, असे त्याने धरून ठेवलेले असते. पहिल्याला धोका दिसत नाही, दुसऱ्याला धोक्याशिवाय काही दिसत नाही.

आजाराविषयी मनात बसलेल्या अशा समजुतीचे परिणाम खरे असतात. न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या संशोधकांनी झटका येऊन गेलेल्या रुग्णांना स्वतःच्या हृदयाचे चित्र काढायला सांगितले. ज्यांनी हृदयाला इजा झालेली दाखवली, ते तीन महिन्यांनंतर कामावर परतण्यात मागे होते. हा अंदाज वैद्यकीय तपासण्यांपेक्षा त्या चित्रांवरून अधिक चांगला बांधता आला. हे संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी, २००२ च्या अभ्यासात, रुग्णालयातच ज्यांच्याशी आजाराबद्दलच्या समजुतींवर नीट बोलणे झाले, ते लवकर कामावर परतले होते.

म्हणजे समजावून सांगणे हाही उपचाराचाच भाग आहे. धर्मानेही रुग्णाला अडवून धरलेले नाही. कुरआनच्या सूरह बकरामध्ये आजारी माणसाला रोजे पुढे भरून काढण्याची सवलत आहे. ज्याला ते जमणारच नाही, त्याच्यासाठी गरिबाला जेवू घालण्याचा, म्हणजे फिदियाचा मार्ग आहे. ही सवलत घेणाऱ्याकडे कुणी कमीपणाने पाहू नये. नवरात्राचे किंवा एकादशीचे उपवास करणाऱ्या शेजाऱ्यांनाही हेच लागू आहे.

प्रत्येकाचे हृदय वेगळे, म्हणून रोजा आणि गोळ्यांच्या वेळा यांचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच व्हावा. मनात सतत धास्ती असेल, झोप उडाली असेल, तर तेही तिथे सांगावे. त्यात लाज नाही. मात्र छातीत दुखणे, दम लागणे, दरदरून घाम येणे हे 'टेन्शन' आहे असे घरीच ठरवू नये. अशा वेळी इफ्तारची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. जीव राखणे ही अल्लाहची अमानत सांभाळणेच आहे.