वाढत्या अंगाचा अ‍ॅम्प

शाळेचा गणवेश घेताना "जरा वाढत्या अंगाचा दाखवा हो" असं दुकानदाराला सांगणाऱ्या पिढीतली मी. सदऱ्याला ते चालतं. बाही दुमडली, आतून टीप मारली की दोन वर्षं निभतात. गिटारच्या अ‍ॅम्पला मात्र हे अजिबात चालत नाही, आणि आमच्या घराण्यातल्या झाडून सगळ्या कर्त्या पुरुषांना हे कोणीतरी एकदा ठणकावून सांगायला हवं. म्हणून हा लेख. (ज्यांना उद्देशून आहे ते वाचतात, मला ठाऊक आहे!)

तर मंडळी, नातू आठवीत आहे. वर्षभर साधी पोकळ गिटार शिकला, आता इलेक्ट्रिक मिळाली आहे. तिचं अंग भरीव असतं, अ‍ॅम्पशिवाय ती नुसती कुजबुजते. तेव्हा अ‍ॅम्प हवा, इथवर एकमत. पुढे जावई म्हणाले, "घ्यायचाच तर शंभर वॅटचा घेऊ, पुढे बँडमध्ये उपयोगी पडेल." दिरांनी री ओढली. न्यू जर्सीच्या भाच्याने फोनवरून दुजोरा दिला. मी विरोध केला तर उत्तर आलं, "आई, तुम्ही मराठी-इतिहास शिकवलात, वॅटमधलं तुम्हाला काय कळणार?"

जे कळलंय ते सांगते. वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही. फरक पडतो ३ डेसिबलचा, तो लक्ष देऊन ऐकला तर जाणवतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट साधारण दहापट लागतात. म्हणजे स्पीकर सारखाच धरला, तर शंभर वॅटचा अ‍ॅम्प दहा वॅटच्या फक्त दुप्पट मोठा. आता गिटारचा स्पीकर एका वॅटवर, मीटरभर अंतरावरून, सहज ९० डेसिबलपर्यंत जातो. आणि आपल्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ नि रात्री ४५ डेसिबल आहे. डोंबिवलीतली आमची खोली दहा बाय बाराची, भिंतीपलीकडे जोशीकाकू. गणित तुम्हीच मांडा.

"मग आवाज कमी ठेवून वाजवेल की!" हा जावयांचा पुढचा मुद्दा. इथेच तर सगळी गोम आहे. मोठ्या अ‍ॅम्पचं बटण एकच्या खाली ठेवलं की नाद अंग चोरतो. आपल्या कानालाही हळू आवाजात खर्ज कमी ऐकू येतो. त्यातून आमच्या लहानपणच्या रेडिओत असायचे तसे व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प असतील, तर त्यांची खरी गोडी बटण पुढे नेल्याशिवाय उमटतच नाही. म्हणजे पैसे शंभर वॅटचे द्यायचे आणि ऐकायचं काय, तर पडशाने बसलेला आवाज.

आणि हे शंभर वॅट आले कुठून, हेही बघा. (इतिहासच शिकवलाय मी!) लंडनमध्ये हॅनवेलला ड्रमचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांनी १९६२ मध्ये पहिला अ‍ॅम्प बनवून घेतला. पुढे 'द हू'च्या पीट टाउनशेंडसारखे वादक अजून मोठा, अजून मोठा म्हणत गेले, कारण तेव्हा सभागृहाच्या ध्वनिक्षेपकांवर गिटार सोडायची पद्धतच नव्हती. १९६५च्या ऑगस्टमध्ये बीटल्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५ हजार लोकांपुढे शंभर वॅटचे अ‍ॅम्प घेऊन उभे राहिले, तरी किंकाळ्यांत त्यांचं त्यांनाच धड ऐकू येईना. आज छोट्या अ‍ॅम्पसमोर माइक लावतात, बाकीचं काम मोठे स्पीकर करतात. तेव्हा बँडची काळजी नको. उलट एरिक क्लॅप्टनने १९७०च्या 'लैला'च्या ध्वनिमुद्रणात फेंडर चॅम्प वापरला, पाच-सहा वॅटचा, आठ इंची स्पीकरचा! ते पुरलं, आणि आमच्या आठवीतल्या चिरंजीवांना पुरणार नाही?

मला राग येतो तो पैशांचा नाही. शेजारच्या इमारतीतल्या एका मुलाची बोटं फार सुरेख चालायची. वडिलांनी हौसेने भलाथोरला अ‍ॅम्प आणला. मग "आज्जी झोपल्यात", "समोरच्यांकडे परीक्षा आहे", "आता नको"... रोज काही ना काही. चार महिन्यांत गिटार खोळीत गेली, ती गेलीच. अ‍ॅम्पवर आता मनीप्लँटची कुंडी आहे. त्या मुलाला कोणी वाजवू नको म्हणालं नव्हतं हो, फक्त वाजवता येईल असं काही त्याच्या हातात दिलं नव्हतं.

तर माझं म्हणणं : दहा ते वीस वॅट, स्पीकर जमल्यास आठ इंची, कारण लहान डब्यात नाद डब्यासारखाच येतो. हेडफोनची खाच हवीच हवी. आणि दुकानात ऐकायचा तो स्वच्छ, साधा आवाज. दुकानातली मुलं लगेच ती गुरगुर चालू करून दाखवतात, सगळे खूश! त्या गुरगुरीत अर्धवट दाबलेली तार, चुकलेली लय सगळं झाकलं जातं. वर्गात गिचमिड अक्षर काढणारी पोरं असायची, ऱ्हस्व की दीर्घ ते कळूच नये म्हणून. तसंच हे. पुढे खुशाल गुरगुर कर म्हणावं, पण पहिलं वर्षभर शुद्धलेखन.

अगदी कमरेला अडकवायचे खेळण्यातले अ‍ॅम्पही नकोत, हे मान्य. ज्यांच्याकडे अजून पोकळ गिटार आहे त्यांनी तर घरात वाजवायला काहीच घेऊ नये, तिचं पोटच तिचा अ‍ॅम्प. असो.

भाच्या, तू प्रेमाने "इकडून पाठवतो" म्हणालास. तुमच्याकडे १२० व्होल्ट, आमच्याकडे २३०. तिथला अ‍ॅम्प इथे तसाच भिंतीत खोचला तर फ्यूज तरी उडेल नाहीतर आतला ट्रान्सफॉर्मर तरी जळेल. मग वेगळा ट्रान्सफॉर्मर शोधत फिरायचं कोणी? त्यापेक्षा तारांची चार पाकिटं पाठव, त्या सारख्या तुटतात.

शनिवारी दुकानात जायचं ठरलंय. जावईबापू, गाडी तुम्ही चालवा, बोलू मी.