हॅलिफॅक्स ‘होयबा’ कसे?

मागील अंकातील पत्रात ब्रिटिश मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स यांना पंतप्रधान चेंबरलेन यांचे ‘होयबा’ ठरवले आहे. हे पटत नाही. १९३७ साली हिटलरच्या भेटीसाठी बर्खटेसगाडेनला पोहोचल्यावर मोटारीतून उतरताना हॅलिफॅक्स यांनी हिटलरलाच नोकर समजून अंगावरचा कोट त्याच्या हाती सोपवायची तयारी केली होती (सरदारी सवयच ती!). त्या भेटीतला त्यांचा भाबडेपणाही नाकारता येत नाही. पण सप्टेंबर १९३८ मध्ये हिटलरच्या चेकोस्लोव्हाकियाविषयीच्या गोडेसबर्गच्या मागण्या मान्य करायला मंत्रिमंडळात विरोध केला, तो याच परराष्ट्रमंत्र्यांनी. दोष द्यायचाच तर मे १९४० चा द्यावा. मुसोलिनीमार्फत जर्मनीशी तहाची चाचपणी करण्याचा आग्रह त्यांचाच. आणि तेव्हा पंतप्रधान चेंबरलेन नव्हते, चर्चिल होते.

— एक वाचक, पुणे