वाघाची वाट आणि आपले उत्तरदायित्व

डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्यात एक वाघ कॅमेऱ्यात टिपला गेला. तो यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून आल्याचे वनखात्याच्या पडताळणीत निष्पन्न झाले. टिपेश्वर आणि येडशी यांच्यामध्ये आपले नांदेड व लातूर हे जिल्हे पसरले आहेत. जेथे आता वन उरले नाही असे आपण समजतो, त्या प्रदेशातही वाघाला चालण्यापुरती वाट आहे, हाच या वार्तेचा खरा अर्थ होय.

ही वाट फार तुटक आहे. नांदेडच्या किनवट व माहूर तालुक्यांत साग, धावडा, मोह, तेंदू यांचे शुष्क पानझडी वन आहे; बिबट्या आणि अस्वल यांचा तो आसरा. पलीकडे पैनगंगा अभयारण्य आहे. लातूर जिल्ह्यात मात्र वनाचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. तेथे ओढ्याकाठची झाडी आणि माळावरील झुडपे हाच काय तो आडोसा.

उन्हाळ्यात निष्पर्ण झालेले वन अनेकांस मेलेले वाटते. वस्तुतः पाणी वाचविण्यासाठीच ही झाडे पाने गाळतात. तो पालापाचोळा माती झाकतो व पावसाचे पाणी मुरवितो. वणव्यात तो जळतो, त्यासोबत कोवळी रोपेही जळतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या टंचाईची कारणे अनेक होती. परंतु उघडे डोंगर पाणी धरून ठेवीत नाहीत, हेही तितकेच खरे.

तथापि मोहफुले आणि तेंदूपाने वेचून जगणाऱ्या आदिवासींवरच सारा दोष टाकणे अन्यायाचे होईल. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांचे अधिकार मान्य केले आहेत. वन्य श्वापदाने गुरे मारल्यास शासकीय भरपाईची तरतूद आहे. मात्र ती वेळेवर न मिळाल्यास गरिबाच्या दृष्टीने वाघ हा केवळ शत्रूच ठरतो. संवर्धनाची किंमत सर्वांत दुर्बलाने एकट्याने का मोजावी?

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीची हाक आणि गरिबांची हाक एकत्रच ऐकावयास सांगितले. दरवर्षी १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर या निर्मितीपर्वात आपण प्रार्थना करतोच. तिच्या जोडीला आपल्या बांधावरील व ओढ्याकाठची झाडे राखू या, आणि नुकसान झालेल्या शेजाऱ्यासोबत पंचनाम्यासाठी उभे राहू या. परमेश्वराने ही बाग मानवाच्या हाती राखण्यासाठी सोपविली आहे, याचे आम्हांस विस्मरण न होवो.