डावखुरे नातवंड आणि अडखळते वाचन

महालातील माझ्या दवाखान्यात नातवंडांना घेऊन येणारे आजी-आजोबा वर्षानुवर्षे एक प्रश्न विचारीत आले आहेत : "डॉक्टरसाहेब, हा डाव्या हाताने लिहितो आणि वाचताना अडखळतो. हात बदलायला लावला तर वाचन सुधारेल का?" प्रश्नामागील काळजी खरी आहे; मात्र त्यात दोन निराळ्या गोष्टींची सांगड घातली गेली आहे.

ही सांगड एकेकाळी वैद्यकशास्त्रानेही घातली होती. वाणीचे केंद्र बहुधा मेंदूच्या डाव्या गोलार्धात असते, हे फ्रेंच वैद्य पॉल ब्रोका यांनी १८६५ मध्ये मांडले. पुढे १९२५ मध्ये अमेरिकेतील डॉ. सॅम्युएल ऑर्टन यांनी असा तर्क केला की, मेंदूच्या एका गोलार्धाचे वर्चस्व पक्के झाले नाही, तर मूल अक्षरांची उलटापालट करते. तेव्हापासून डावा हात संशयाच्या फेऱ्यात सापडला.

आज चित्र अधिक स्पष्ट आहे. शंभरांतील सुमारे दहा माणसे डावखुरी असतात. उजव्या हाताच्या सुमारे ९५ टक्के लोकांत भाषेचे केंद्र डाव्या गोलार्धात असते. पण डावखुऱ्यांपैकीही सुमारे ७० टक्के लोकांत ते तेथेच असते. वाचन-अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया असलेल्यांत डावखुऱ्यांचे प्रमाण काही पाहण्यांत किंचित अधिक आढळले, तरी तो फरक लहान आहे. बहुसंख्य डावखुरी मुले उत्तम वाचतात आणि डिस्लेक्सिया असलेली बहुसंख्य मुले उजव्या हातानेच लिहितात. फलंदाजी उजव्या हाताने करणारे आपले सचिन तेंडुलकर लिहितात मात्र डाव्या हाताने!

डिस्लेक्सियाचे मूळ हातात नसून, शब्दातील ध्वनी सुटे करून ते अक्षरांशी जोडण्याच्या मेंदूच्या क्रियेत असते. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत गोंधळ, जोडाक्षरांपाशी थबकणे, काना-मात्रा गळणे, तोंडी उत्तर चोख पण लेखी कोरे, ही लक्षणे शाळेत दोन-तीन वर्षे काढल्यावरही टिकून राहिली, तर तपासणी करावी. सुरुवातीच्या वर्षांत अक्षर उलटे काढणे मात्र बहुतेक मुलांत दिसते. हा दोष बुद्धीचा नव्हे. तो बरेचदा घराण्यात चालत येतो. आपल्या पिढीत ज्याला सर्वांनी 'ढ' ठरवले, त्या एखाद्या भावाची किंवा काकांची अडचणही कदाचित हीच असेल.

तेव्हा घरी काय करावे? प्रसाद उजव्या हातात घ्यावा, हा संस्कार मुलाला प्रेमाने सांगता येतो. पण त्यासाठी पेन्सिल हिसकावणे किंवा हातावर मारणे सर्वथा टाळावे. हाताची सवय मोडली म्हणून मेंदूतील भाषेचे केंद्र जागा बदलत नाही. लिहिणे मात्र शिक्षा होऊन बसते. डावखुऱ्या मुलाची वही वरच्या बाजूने किंचित उजवीकडे कलती ठेवावी आणि बाकावर त्याला डाव्या टोकाला बसवावे. परंतु वर्षाच्या आतील बाळ एकच हात वापरीत असेल आणि दुसरा हलवीत नसेल, तर ती आवड समजू नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

वाचन अडखळत असेल तर आधी डोळे व कान तपासून घ्यावेत. साधारण आठव्या वर्षी, म्हणजे तिसरीच्या सुमारास, डिस्लेक्सियाची तपासणी करता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला आहे. प्रमाणपत्र असल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ व लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. प्रमाणपत्राने मुलावर शिक्का बसेल, या भीतीपोटी अनेक घरांत ते टाळले जाते. त्यात मुलाची मोलाची वर्षे वाया जातात.

औषधाच्या गोळीने वाचन सुधारत नाही. त्याला विशेष शिक्षकांचे नियमित साहाय्य आणि घरातील धीर लागतो. हा धीर देण्यास आजी-आजोबांइतके योग्य कोणी नाही, कारण त्यांच्यापाशी वेळ असतो. रोज पंधरा मिनिटे एका पुस्तकावर दोघांनी बोट ठेवावे. एक ओळ आपण वाचावी, एक त्याने वाचावी. तो अडला तर शब्द सांगून पुढे जावे. आणि पान उलटणारा हात कोणता, याकडे लक्षही देऊ नये.